मुलीला तबल्याचा क्लास सोडायचाय. सोडू द्यावा का?

मधली_आळी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

लेक आठवीत आहे. दुसरीत असताना तिनेच हट्ट करून तबल्याचा क्लास लावायला लावला. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा परीक्षा झाल्या, निकालही चांगले लागले. आता मध्यमा प्रथमचा फॉर्म भरायची वेळ आली आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, क्लास बंद. कारण काय, तर कंटाळा आला. त्यापुढे तोंड उघडत नाही.

घरात तीन माणसांची तीन मतं. सासूबाई म्हणतात, धरसोडीची खोड एकदा लागली की जात नाही. नवरा म्हणतो, तिचं आयुष्य आहे, तिला ठरवू दे. मी अध्येमध्ये. त्यात दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळतात, हे क्लासबाहेर थांबलेल्या बाकीच्या आया दर बुधवारी ऐकवतात.

आमच्या लहानपणी असले प्रश्नच नव्हते. दहावीच्या सुट्टीत वडिलांनी न विचारता टायपिंगला घातलं. मराठी ३०, इंग्रजी ३०, मग ४०. रडत जायचे. पुढे पहिली नोकरी त्याच सर्टिफिकेटवर लागली. गाणं शिकायचं होतं ते मात्र राहिलं ते राहिलंच. वडिलांचे आभार मानावेत की त्यांच्यावर रागवावं, हे अजून ठरत नाही.

तर रेटा कुठपर्यंत द्यायचा आणि हात कधी सोडायचा? पुस्तकातलं नको, तुमच्या घरात काय झालं ते सांगा.

अळूवडी

सोडू द्या. हाकानाका (हाय काय नाय काय).

खडूस_काका

मुळीच सोडू देऊ नका. "कंटाळा आला" हे काय कारण झालं? मला रोज सकाळी बँकेत जायचा कंटाळा यायचा, तरी निवृत्त होईपर्यंत गेलो.

तबल्याचाच विषय आहे तर झाकीर हुसेन यांच्या मुलाखती ऐका. बाळाच्या कानात दुवा म्हणायची तर वडील अल्लारखाँसाहेबांनी तबल्याचे बोल म्हटले, हे ते रंगवून सांगायचे. पुढे पहाटे तीनला उठून बापलेक बोल म्हणत बसायचे, मग मदरसा, मग माहीमची शाळा. त्या पोराला कोणी विचारलं होतं का, बाळा, आज मूड आहे का? हल्ली वरण वाढायच्या आधीसुद्धा मुलांची परवानगी काढतात.

ओसरीवरची

काका, पहाटे तीनला बापसुद्धा उठायचा, ते सोयीस्कर विसरलात. मुलाला क्लासच्या दारात उतरवून गाडीत मोबाइल बघत बसणाऱ्यांपैकी नव्हते ते.

खडूस_काका

@ओसरीवरची, मुद्दा नोंदवला. तरी माझं मत तेच.

निळी_शाई

मधली_आळी, पुस्तकातलं नको म्हणालात, पण मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. थोडक्यात आवरते.

डायना बॉमरिंड नावाच्या बाईंनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईबाप यांचा अभ्यास करून पालकांचे तीन प्रकार मांडले. एक, "मी सांगतो म्हणून" वाले. दोन, नियमावर ठाम, पण कारण सांगणारे आणि मुलाचं ऐकून घेणारे. तीन, माया भरपूर पण कशालाच नाही न म्हणणारे. पुढे मॅकोबी आणि मार्टिन यांनी १९८३ मध्ये चौथा प्रकार धरला, लक्षच नसलेले. या सगळ्यात दुसऱ्या प्रकारच्या घरातली मुलं सरासरीने बरी निघतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं.

आता यातल्या दोन अडचणी. पहिली, हे सगळं सुरुवातीला बहुतांशी अमेरिकेतल्या गोऱ्या मध्यमवर्गाकडे बघून ठरलं. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये दाखवलं की चिनी घरांतला कडकपणा या चौकटीत नीट बसत नाही. बाहेरच्याला जो धाक दिसतो तो तिथे बऱ्याचदा काळजी आणि शिकवण म्हणूनच दिला जातो, मुलंही तो तसाच घेतात. आपल्याकडच्या आज्ज्या आठवा.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. आईबाप मुलाला घडवतात तसं मूलही आईबापांना घडवत असतं. रिचर्ड बेल यांनी हे १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. शांत पोराच्या आईला शांत राहायला काय जातंय? ज्याच्या घरी वादळ आहे त्याला विचारा.

अळूवडी

माझी आई सकाळी सातला पहिल्या प्रकारात असायची, दुपारी चौथ्या, रात्री तिसऱ्या. दुसरा प्रकार फक्त पाहुणे आल्यावर.

ठाणे_लोकल

अळूवडी, खिक्क! सगळ्यांच्या घरी तेच.

ऑफस्टंप

इतके प्रतिसाद झाले आणि सचिनचं नाव नाही? आपण मराठीच आहोत ना?

वडील रमेश तेंडुलकर कीर्ती कॉलेजात प्राध्यापक, कवी. क्रिकेटशी संबंध नाही. त्यांनी मुलाला कशातही ढकललं नाही, त्याला जे हवं ते करू दिलं. घ्या, झालं की उत्तर.

रेवदंडा

@ऑफस्टंप, अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९८४ मध्ये आचरेकर सरांकडे त्याला घेऊन गेला तो मोठा भाऊ अजित. सरांनी शाळा बदला म्हटलं, तर वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रम. रोजचा प्रवास झेपेना, तर शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहायची सोय. नेटमध्ये स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून दमवायला आचरेकर सर. वडिलांनी ढकललं नाही हे खरं, पण घरची अर्धा डझन माणसं त्या एका पोरामागे उभी होती.

उलट टोकाची दोन उदाहरणं देतो. हंगेरीतले लास्लो पोल्गार. अलौकिक मुलं जन्मत नाहीत, घडवता येतात, असा या गृहस्थांचा सिद्धान्त. तो सिद्ध करायला तिन्ही मुलींना शाळेत न घालता घरी बुद्धिबळ शिकवलं, त्यासाठी सरकारशी भांडले. धाकटी युडिट १९९१ मध्ये १५ वर्षं ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा विक्रम मोडून. पुढे जगातल्या पहिल्या दहांत आली, २००२ मध्ये कास्पारोवला हरवलं. तिघी बहिणी आजही खेळाबद्दल प्रेमाने बोलतात.

आणि दुसरा आंद्रे आगासी. वडील इराणकडून ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध खेळलेले. त्यांनी अंगणात चेंडू फेकणारं यंत्र बसवलं, पोराने त्याला ड्रॅगन नाव ठेवलं. दिवसाला हजारो चेंडू. आठ ग्रँड स्लॅम जिंकली आणि २००९ मध्ये आत्मचरित्र लिहून जगाला सांगितलं की मला टेनिसचा मनापासून तिटकारा होता.

दोन्ही बाप सारखेच झपाटलेले. एकीकडे मुली खूश, दुसरीकडे मुलगा जखमी. आता काढा सूत्र!

गिरगावची_चाळ

पोल्गारपर्यंत कशाला जायचं रेवदंडा, आमच्या गिरगावात खाडिलकर भगिनी होत्या की. वासंती, जयश्री, रोहिणी. वडील नीलकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली ती वासंतीने जिंकली आणि पुढे कित्येक वर्षं ते अजिंक्यपद एकाच घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलं. रोहिणी १३ वर्षांची असताना १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, त्यावर गहजब झाला. प्रकरण जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, म्हणजे फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांच्यापर्यंत गेलं आणि त्यांनी सांगितलं की बाई आहे म्हणून कोणाला अडवता येणार नाही.

युडिट पोल्गार तेव्हा जन्मून काही महिने झाले असतील नसतील. पण आपल्याला आपली माणसं दिसायला बुडापेस्टचा चष्मा लागतो.

रेवदंडा

मान्य. माझ्या लक्षातच आलं नाही. कान पकडले.

बालाघाट

वाचतोय सगळं. चांगलं चाललंय. एक वेगळं सांगतो, राग मानू नका.

मी बीड जिल्ह्यातला, शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडं दिवाळीच्या आगंमागं टोळ्या निघतात ऊसतोडीला. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती फेडायला दोघांनाही जावंच लागतं. पोरं एकतर संगं जातात, फडात नि कोपीवर (पाचटाच्या झोपडीत), नाहीतर म्हाताऱ्याकडं मागं राहतात. मागं राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, तिथं जेवणाची सोय होती. आईबाप परत येतात उन्हाळ्यात.

माझ्या वर्गातल्या पोरीनं तिसरीतल्या भावाला रोज आंघोळ घालून, डबा भरून शाळेत आणलेलं मी बघतो. तिला विचारलं, तुझी पालकशैली कुठली बाई, तर काय सांगंल? त्या बॉमरिंडबाईंच्या चौथ्या खान्यात हिच्या आईला टाकणार का तुम्ही? लक्ष न देणारी म्हणून? ती माय फडातनं रोज रात्री फोन करून "अभ्यास झाला का" विचारती.

कडक का मऊ, हा सवाल संध्याकाळी घरी असलेल्यांचा आहे, एवढंच.

निळी_शाई

बालाघाट सर, बरोबर धरलंत. तो चौथा प्रकार मनाने दूर असलेल्यांसाठी आहे, पोटासाठी दूर गेलेल्यांसाठी नाही. पण प्रश्नावलीवर खुणा करताना ही दोन माणसं एकाच रकान्यात जाऊन बसतात, हेही खरं.

कडूनिंब

दंडवत, बालाघाट.

लातूरची_मेस

मी लातुरात मेस चालवते. बारावीची गुणवत्ता यादी लागायची त्या काळापासून लातूर पॅटर्न बघतेय, आता नीटच्या (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) पोरांना जेवू घालते. माझं निरीक्षण देते.

काही पोरांबरोबर आया येतात. दोन वर्षं खोली भाड्याने घेऊन राहतात. गावाकडे नवरा आणि शेत, इकडे आई आणि लेकरू. पोरगं पहाटे उठलं की आई उठणार, चहा देणार, ते झोपेपर्यंत जागणार. त्या बाईचं स्वतःचं काही उरत नाही. पोराला ते दिसतं हो. एक जण मला म्हणाला होता, "मावशी, आई परत गेली असती तर चार मार्क जास्त पडले असते."

उलट काही आईबाप पोराला सोडून गेले की फी भरायलाच उगवतात. ती पोरंही बावरलेली असतात.

राजस्थानात कोचिंगच्या कोट्याला २०२३च्या ऑगस्टमध्ये वसतिगृहातल्या पंख्यांना स्प्रिंग बसवायचा हुकूम निघाला होता, जीव देऊ नये म्हणून. पुढच्या जानेवारीत केंद्राने सूचना काढली की १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नका. पंखा बदलणं सोपं असतं. पोराला "नाही जमत" म्हणायची जागा घरात आहे का, ते कोण बघणार?

अळूवडी

धागा फार गंभीर झाला. तरी मी सोडू द्या वरच ठाम.

खडूस_काका

तबला सोडणं आणि कोटा यांचा काही संबंध आहे का? कुठली गोष्ट कुठे नेऊन ठेवली! आणि आता स्पष्टच विचारतो, हल्ली कोणी मुलांना दोन धपाटे तरी घालतं का? आम्ही खाल्ले, बिघडलं काही?

उत्तरध्रुव

काका, मी स्टॉकहोममध्ये राहतो. इथे १९७९ पासून घरातसुद्धा मुलाला मारायला कायद्याने बंदी आहे, असा कायदा करणारा हा जगातला पहिला देश. कायदा आला तेव्हा लोकांना कळावं म्हणून चक्क दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली होती. सकाळी पोरगं दूध ओतून घेणार आणि वाचणार, आता बाबा मला मारू शकत नाहीत.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. घराबद्दल कायदा गप्प.

मी स्वतः कोल्हापुरात भरपूर मार खाऊन वाढलो. "बिघडलं काही?" याचं उत्तर माझी बायको जास्त चांगलं देईल. माझ्याशी कोणी मोठ्याने बोललं की मी अजून खोलीतून निघून जातो.

पाटलाची_वाडी

धपाटा फक्त दह्यासोबत आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत खावा, एवढंच आमचं म्हणणं.

अळूवडी

ज्वारीच्या पिठात थोडं बेसन की नुसती कणीक? आमचे नेहमी तुटतात.

लातूरची_मेस

ज्वारी, बेसन, थोडी कणीक. ओल्या फडक्यावर थापायचे. तव्यावर फडक्यासकट उलटायचे आणि मग फडकं हळूच काढायचं. नाही तुटत.

कडूनिंब

मुलांना घडवायला निघालेला धागा फडक्यावर थापला. नेहमीप्रमाणे.

पाटलाची_वाडी

बरं, आता कामाचं बोलतो. आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. वडील शिक्षक. पोराला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातला, तिथनं तो नेमबाजीकडं वळला. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत मिळवलं त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक. मधे रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी पण केली गड्यानं.

माझा मुद्दा असा की आईबापांनी काय केलं, तर योग्य वयात योग्य जागी नेऊन सोडलं आणि मग वाट बघितली. लय वर्षं. मधे कोणी विचारलं असंल, काय करतोय पोरगा, बंदुकीनं पोट भरतंय काय? ते ऐकून घेणं हे सुद्धा कामच आहे की.

कोसबाडची_टेकडी

मी निवृत्त बालवाडी शिक्षिका. खडूस काकांच्या "हल्ली" या शब्दाला माझी हरकत आहे. मुलाचं मत विचारणं हे हल्लीचं आणि परदेशी खूळ नव्हे.

गिजुभाई बधेकांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर १९२० मध्ये काढलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर होत्या. नूतन बाल शिक्षण संघ १९२६चा. पुढे ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूळ पद्धत माँटेसोरीबाईंची, पण महागडी लाकडी साधनं आणणार कुठून? मग शंख-शिंपले, बिया, पानं, गारगोट्या. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्यावर, त्यांच्या अंगणात गेली. ढोरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, ढोरं चरतायत तिथेच.

मला यातलं सर्वांत काय भावतं? मुलगा येत नाही म्हणून त्याला आळशी ठरवलं नाही. का येत नाही ते शोधलं. मधली_आळीताई, तुमची लेक कंटाळा आला म्हणते. कंटाळ्याच्या खाली काहीतरी असतं. ते तिला स्वतःलाही सांगता येत नसेल. दामटून विचारू नका, भाजी निवडताना वगैरे विचारा.

गोंयकार

बरो धागो! आमच्या गोंयात पोर्तुगीज काळात पॅरिश शाळांतून मुलांना सोलफेज (स्वरवाचन), व्हायोलिन शिकवायचे, चर्चच्या कामासाठी. आवडतं का असं विचारायची पद्धत नव्हती. पण त्यातनंच मुंबईच्या हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, वडीलच चर्चचे संगीत मास्तर, त्यांच्याकडेच शिकले. पुढे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना व्हायोलिन शिकवलं.

आता किती मुलं व्हायोलिन फेकून बोटीवर कामाला गेली त्यांची यादी कोण ठेवणार? आमचा पाय (म्हणजे वडील) त्यांतलाच एक. स्वरलिपी शेवटपर्यंत वाचता यायची, वाजवत मात्र नव्हता.

बॅकबेंचर_०५

मी इथे वयाने सगळ्यात लहान असेन. कॉलेजात आहे. माझ्या आईबाबांनी लहानपणापासून सगळं मलाच ठरवायला दिलं. कुठली शाळा, कुठला क्लास, विज्ञान की कला. "तू ठरव, आम्ही पाठीशी आहोत." ऐकायला भारी वाटतं. मला दहावीत त्याचा वैताग आला होता. मित्रांना घरच्यांवर राग काढता यायचा. मला कोणावर काढायचा? चुकलं तर सगळं माझंच. मी एकदा ओरडून म्हणालो होतो, अरे तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा!

मग बाबा बोलले दोन तास. आम्ही भांडलो. शेवटी मी त्यांचं ऐकलं नाहीच, पण बरं वाटलं.

निळी_शाई

बॅकबेंचर, तुझा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. परवानगी दे.

बॅकबेंचर_०५

घ्या. फक्त आयडी सांगू नका, आमच्याच कॉलेजात निघालात तर पंचाईत.

ठाणे_लोकल

मधली_आळी, मला एक बारीक शंका आहे. क्लासला तिला सोडायला-आणायला कोण जातं?

मधली_आळी

ठाणे_लोकल, आठवड्याला दोन दिवस. बुधवारी मी, शनिवारी नवरा. क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला. का?

ठाणे_लोकल

नाही, म्हणजे "तिचं आयुष्य, तिला ठरवू दे" म्हणणारे शनिवारी संध्याकाळी मोकळे होतात ना, म्हणून विचारलं.

ओसरीवरची

अगागागा! ठाणे_लोकलने नेम धरून मारला.

खरं सांगू, आमच्याकडेही तसंच होतं. मुलाचं पोहणं सुटलं तेव्हा मी घरात मोठं भाषण दिलं होतं, मुलांवर लादू नये वगैरे. त्या तलावाची बॅच सकाळी साडेपाचची होती, हे भाषणात नव्हतं.

खडूस_काका

आता कसं! तत्त्वज्ञानाच्या मागे स्कूटरचं पेट्रोल असतं. आणि कडक आईबापांचंही तेच हो, मी प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या मुलीला कथ्थक चालू ठेवायला मी भाग पाडलं, पण नेआण बायकोची होती. मला कडक राहायला काय लागत होतं?

कडूनिंब

काका सापडले! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

ऑफस्टंप

म्हणजे फिरून रेवदंडांच्या अजितदादापाशी आलो. आणि अल्लारखाँसाहेबांच्या पहाटे तीनपाशी.

मधली_आळी

मंडळी, खूप आभार. मधे परीक्षा, पाहुणे, त्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला. सगळे प्रतिसाद वाचले, बालाघाट सरांचा दोनदा. नवऱ्यालाही धागा वाचायला दिला. ठाणे_लोकल यांच्या प्रतिसादावर तो म्हणाला, "हा कोण माणूस आहे?" आणि पुढे काही बोलला नाही.

कोसबाडताईंचं ऐकून मेथी निवडताना विषय काढला. काहीतरी खोल निघेल म्हणून मी सावध होते. निघालं ते असं: क्लासची वेळ बदलल्यापासून शनिवारी सोसायटीतल्या मैत्रिणी खाली जमतात तेव्हा ही तबल्यासमोर. सोमवारी त्यांच्या गप्पा हिला कळत नाहीत. शिवाय नव्या बॅचमध्ये सगळी लहान पोरं आहेत, सर त्यांना "कायदा" (तबल्यातली एक रचना) शिकवतात तेव्हा हिने नुसता ठेका धरून बसायचं. परीक्षेचं क्रियात्मक, म्हणजे प्रत्यक्ष वाजवणं, आवडतं, तोंडी परीक्षेची व्याख्यांची वही नको वाटते. मी म्हटलं, मग कंटाळा काय म्हणतेस? तर म्हणे, "एवढं सगळं कोण सांगत बसेल?"

बॅकबेंचरच्या प्रतिसादामुळे मला काय वाटतं तेही सांगितलं. मला वाटतं तिने मध्यमा पूर्णपर्यंत तरी जावं. का वाटतं, तर अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टी मला स्वतःला टोचतात म्हणून. सवलतीच्या गुणांसाठी नको, हेही सांगितलं. ती म्हणाली, "तू का नाही गाणं लावत आता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मेथी संपली असं जाहीर केलं.

सध्या ठरलंय ते असं. या सत्राचा फॉर्म भरायचा नाही. सरांशी मी बोलले, मोठ्या मुलांची बॅच मंगळवारी रात्री असते, तिथे ती दिवाळीपर्यंत जाऊन बघणार. नेआण नवरा करणार (टाळ्या). दिवाळीनंतर नको म्हणाली तर बंद, पुन्हा विषय काढायचा नाही. हे सासूबाईंना पसंत नाही. त्यांचं म्हणणं, एकदा फॉर्म चुकला की चुकला.

खडूस_काका

सासूबाईंशी सहमत. फॉर्म भरायला हवा होता. परीक्षा डोक्यावर असली की हात चालतो.

कोसबाडची_टेकडी

मी असहमत, पण काका, तुमच्या मुलीचं कथ्थक पुढे काय झालं ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

खडूस_काका

विशारद झाली. आता कॅनडात आहे, नाचत नाही. तिच्या मुलीला आइस स्केटिंगला घातलंय, थंडीत पहाटे उठून नेते. मी विचारलं, कशाला एवढं? तर म्हणाली, बाबा, तुम्ही हे विचारताय?

अळूवडी

मधली_आळी, गाण्याच्या क्लासचं काय ठरलं? तुमच्या, लेकीच्या नव्हे.

मधली_आळी

चौकशी केलीय. बाई शिकवतात, घराजवळच. शनिवारी संध्याकाळी.